मधलं पुसायचं राहिलं

एक सणसणीत ठेवून दिली की कुणालाही दिवसाढवळ्या तारे दिसतात. पण हेच काम अंगाला हात न लावता, मऊ खुर्चीत बसवून, दिवे हळूहळू मंद करून करणारा एक माणूस होता. सार्वजनिक बागेच्या मागच्या अंगाला एक छोटं तारांगण आहे, त्याचा तो चालक. बागेत फिरायला येणारे त्याला तारेवाला म्हणायचे. त्याची थोरली बहीण त्याला धांद्या म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तेच नाव त्याला जास्त शोभत होतं. चष्मा कपाळावर चढवून तो अख्खं घर चष्म्यासाठी पालथं घालायचा. चहाचा कप हातात असताना चहा कधी होणार म्हणून विचारायचा. बुद्धीने तल्लख होता, पण ध्यान कायम वर कुठेतरी लागलेलं. आता आकाशाखालीच नोकरी करणाऱ्या माणसाचं ध्यान वर लागलं तर त्याला बोल तरी कसा लावायचा?

तारांगण म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. आतून पांढरा रंगवलेला घुमट, त्याखाली मागे रेलणाऱ्या खुर्च्यांच्या काही रांगा, जुन्या गालिच्याचा कोंदट वास. पूर्वी मधोमध दोन डोक्यांचं एक भलंमोठं यंत्र होतं. ते मोडल्यावर चादर पांघरून कॉरिडॉरमध्ये निजवलं होतं, आणि लहान मुलं त्याला घाबरून भिंतीला घासून जायची. आता त्या जागी फुगीर भिंगाचा प्रोजेक्टर होता. सगळं आकाश त्यातून वर जायचं, पण ते आकाश मुळात राहायचं साबणाच्या एका डबीत.

ही डबी त्याची स्वतःची कल्पना. पत्त्यांच्या जोडाएवढी, संगणकाची एक उघडी पाटी त्याने तिच्यात बसवली होती. डबीला साबणाचं पाणी जायला भोकं असतातच, त्यातून पाटीला वारा मिळायचा. या पाटीला स्वतःचा पडदा नाही, कळफलक नाही. नखाएवढ्या कार्डावर लिनक्स हे पाटीला चालवणारं सॉफ्टवेअर लिहायचं, कार्ड पाटीच्या पोटात खोचायचं, वीज द्यायची आणि ती जागी होते का ते बघत बसायचं. लाल दिवा लागला म्हणजे वीज पोचली. हिरवा लुकलुकला म्हणजे ती कार्ड वाचते आहे. दुसऱ्या कुणाला यात काय गंमत वाटली असती देव जाणे, पण धांद्या त्या हिरव्या ठिणगीकडे पाळण्यातल्या बाळाकडे बघावं तसा बघत राहायचा. हे सगळं तो कुणाकडे शिकला नव्हता. चुकत, माकत, पाट्या जाळत शिकला होता.

पाटी हट्टाला पेटली, जागीच होईना, तर त्याच्याकडे तीन तारांची एक दोरी असायची. एक तार जमिनीची, एक तोंडाची, एक कानाची, असं तो सांगायचा. पाटीचं तोंड लॅपटॉपच्या कानाला जोडायचं आणि लॅपटॉपचं तोंड पाटीच्या कानाला. मग पाटी आपलं दुखणं ओळीओळीने पडद्यावर सांगू लागते. "ताई, मुकी वाटते गं, पण मुकी नसते," तो बहिणीला म्हणाला होता. "तिला ऐकणारं कुणी जोडलेलं नसतं, एवढंच." ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ताई बोलत होती.

बोलत होती म्हणजे काय, सगळ्या शहराशी बोलत होती. बसस्थानकावर घोषणा करायची तिची नोकरी. तिच्या आवाजाने अर्ध्या शहराला बस मिळाली होती, आणि उरलेल्या अर्ध्याची चुकली होती, पण त्यांनाही तो आवाज गोडच वाटायचा. फलाटाचा आकडा ती असा काही सांगायची की त्या फलाटावर तुमच्या भल्याचंच काहीतरी उभं असणार अशी खात्री पटावी. दोघांनी लग्नं केली नाहीत. कारणं वेगवेगळी होती आणि ती आता दोघांनाही नीट आठवत नव्हती. आईवडिलांच्या मागे दोन खोल्यांच्या त्या घरात दोघं राहिली, भांडली, एकमेकांना सांभाळून म्हातारपणाकडे झुकली.

तारांगणातल्या खेळाला आवाज ताईचाच होता. घरातच त्यांनी तो टिपला. आवाज घुमू नये म्हणून ताईला कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बसवलं होतं. पंखा बंद, खिडक्या बंद, कपाटात कोट आणि साड्यांमध्ये घामाघूम झालेली ताई, आणि बाहेर स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेतलेला धांद्या. दर दोन वाक्यांनी ती अडखळायची, हसायची किंवा त्याला झापायची. मग पुन्हा पहिल्यापासून. सगळं जमल्यावर त्याने चांगलं चांगलं निवडून जोडलं आणि खेळ तयार झाला.

त्यानंतरच्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत जीव वाचला, आवाज गेला. कायमचा गेला. डॉक्टरांनी पाटी आणि खडू घ्यायला सुचवलं तर ताईने मान उडवली. तिचे ओठ म्हणाले, "मी काय शाळा उघडलीय?" हे पहिलं वाक्य, जे धांद्याने तिच्या ओठांवरून वाचलं. त्यानंतर तो सगळंच वाचायला शिकला. ती आधीसारखीच बोलायची, टोमणे मारायची, शेजाऱ्यांच्या नकला करायची, फक्त ते सगळं ऐकायला तिच्या तोंडाकडे बघावं लागायचं. चिडली की ती पाठ फिरवायची. पाठ फिरवली की बोलणं संपलं, मग तुम्ही कितीही हाका मारा.

अंधार मात्र तिला सोसेनासा झाला. अंधारात ओठ दिसत नाहीत. वीज गेली की दोघं गप्प बसायची आणि काडेपेटी शोधायची. त्यामुळे ताईने तारांगणात पाऊल टाकणं बंद केलं. दिवे मालवले की तिथे तिचा आवाज शाळेच्या पोरांना आकाश समजावून सांगायचा. धांद्या रोज ऐकायचा, तिने तेव्हापासून एकदाही ऐकला नव्हता. तोही आग्रह करत नव्हता. जखमेवरची खपली उगाच कोण काढेल?

अशात एका दुपारी विजेने दोन झटके दिले आणि आकाश मावळलं. डबीतलं कार्ड गेलं होतं. ही कार्डं लिहून लिहून झिजतात आणि एक दिवस काही न सांगता डोळे मिटतात. धांद्याने दारावर पाटी लावली, "आकाश दुरुस्तीसाठी बंद आहे." भाजी घेऊन बागेतून परतताना ताईने ती वाचली आणि घरी येऊन खांदे हलवत बराच वेळ हसली.

"तुझ्याखेरीज असं कुणी लिहिणार नाही," तिचे ओठ म्हणाले. मग ती भाजी निवडू लागली. निवडता निवडता थांबली आणि त्याने आपल्याकडे बघावं म्हणून तिने टेबलावर बोट वाजवलं. "दुरुस्त झालं की सांग. सोमवारी सुट्टी असते ना तुझी? कुणी नसताना येईन. एकदा ऐकायचंय मला."

"काय?"

"काय म्हणजे? मला. मी कशी होते ते."

धांद्याला एवढा आनंद झाला की त्याने भाजीत मीठ म्हणून साखर घातली. त्या आवाजाची आणखी एक प्रत त्याने दुसऱ्या एका कार्डावर ठेवली होती. ताईच्या आवाजाची जगात तेवढीच खूण उरली होती, कारण बसस्थानकावर आता कुठलं तरी यंत्र बोलायचं आणि ताई तिथे जे बोलली ते तेव्हाच हवेत विरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तारांगणात त्याने कामाला हात घातला. लॅपटॉपला कार्ड वाचायच्या दोन खोबण्या लावल्या. डावीत ताईच्या आवाजाचं कार्ड, उजवीत कोरं कार्ड. कोऱ्यावर आधी लिनक्स लिहायचं, मग डावीकडचा आवाज त्यावर उतरवायचा, असा बेत. लिनक्स त्याने जुनंच निवडलं, खेळ पहिल्यांदा उभा केला तेव्हाचं. जुनं ते सोनं, आपल्या पाटीला मानवलेलं. लिहायच्या आज्ञेत कार्डाचं नाव द्यावं लागतं, आणि ती नावं यंत्र आपल्या मर्जीने देतं, जे कार्ड आधी दिसेल त्याला आधीचं नाव. धांद्या दर वेळी आधी कोरं खोचायचा. त्या दिवशी मनात सोमवार घोळत होता, म्हणून ताईचं कार्ड आधी खोचलं गेलं. आणि नाव मात्र त्याने हाताच्या सवयीने पहिलंच दिलं.

दिवा लुकलुकू लागला. तो हनुवटीवर हात टेकून बघत बसला. ताईला कुठल्या खुर्चीत बसवायचं, खेळाआधी तिच्यासाठी गालिचा झाडून घ्यावा का, असं मनाचं विमान कुठच्या कुठे गेलं. दिवा छान लुकलुकत होता. डावीकडचा.

डावीकडचा का लुकलुकतोय, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने कार्ड उपटून काढलं. मग ते तळहातावर घेऊन तो तसाच उभा राहिला. घुमटाखाली भरदिवसाही उजेड बेताचा असतो. त्याला आपले स्वतःचे हात दुसऱ्याचे वाटले. ताईच्या आवाजाला आपण मारलं, हे एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

घरी तोंड लपवायला जागा नव्हती. ताईने चहा पुढे ठेवला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "बोल."

त्याने सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. हिरव्या दिव्याकडे बघत बसल्याचंही सांगितलं.

ताई उठली, त्याचा कप आत नेला आणि ओट्यापाशी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. भांडी आधीच धुतलेली होती, ती तिने पुन्हा धुतली. त्या पाठीशी तो काय बोलणार? रात्रीचं जेवण तशीच पाठ बघत झालं.

पण गडी हातपाय गाळून बसणाऱ्यांतला नव्हता. त्याला एक आशा होती. लिनक्स आटोपशीर असतं आणि कार्ड मोठं होतं. नवं लिखाण कार्डाच्या पुढच्या भागावरच चढलं होतं, मागच्या भागाला अजून कुणी हात लावला नव्हता. तिथे काय आहे याची यादी मात्र पुसली गेली होती. म्हणजे घर शाबूत आणि दारावरच्या पाट्या गेलेल्या. त्याने त्या कार्डावर पुढे एक अक्षरही लिहिलं नाही. त्याची जशीच्या तशी नक्कल काढली आणि त्या नकलेत आवाजाचे तुकडे हुडकायला एक प्रोग्राम सोडला.

दिवसभर तो प्रोग्राम नांगर फिरवावा तसा इकडून तिकडे फिरत राहिला. बाहेर बागेत माळी पाणी घालत होता, पाण्याचा आवाज घुमटात यायचा आणि धांद्याला वाटायचं, वर कुठेतरी आकाशच गळतंय. हळूहळू तुकडे निघू लागले, नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे. तो कानाला यंत्र लावून एकेक ऐकू लागला. पहिला नुसता फुसफुसला. दुसरा, तिसरा तसलाच. कितव्या तरी तुकड्यात कपाटाचं दार करकरलं.

निवडून जोडलेला खेळ गेला होता. तो पुढच्या भागात होता, त्याचा ठावठिकाणा उरला नव्हता. मागे उरलं होतं ते कच्चं. फसलेलं, अडखळलेलं, फेकून द्यायचं ते सगळं. शाळेच्या पोरांना ऐकवावं असं त्यात काही नव्हतं. ते ऐकून हसावं की रडावं हे धांद्याला कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. घरी येऊन तो ताईच्या पाठीला एवढंच म्हणाला, "खेळ नाही मिळाला. पण थोडं काहीतरी मिळालंय. सोमवारी येशील?"

पाठ तशीच राहिली. पण सोमवारी सकाळी ताईने ठेवणीतली शाल काढली, आणि तो चपला शोधत होता तोवर दारात जाऊन उभी राहिली.

बाग सुट्टीच्या दिवशी वेगळीच दिसते. झोके आपापले हलत होते, तिकिटाची खिडकी बंद होती. आत ताई दारापासच्या खुर्चीत बसली, जिथे कॉरिडॉरचा उजेड येत होता. धांद्याने नवं कार्ड खोचून डबीला वीज दिली. लाल दिवा लागला. हिरवा लागेना.

आजच? त्याने तीन तारांची दोरी काढली, घाईघाईने जोडली, लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक अक्षर येईना. तारा हलवून पाहिल्या, पुन्हा वीज दिली, काही नाही. तेवढ्यात टेबलावर बोट वाजलं. ताई मागे येऊन उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड त्याच्याकडे होतं.

"तोंडाला तोंड लावलंयस," तिचे ओठ म्हणाले. "आणि कानाला कान. दोघं ऐकणार कशी?"

त्याने बघितलं. खरंच होतं. त्याने दोन तारांची अदलाबदल केली आणि पाटी भडाभडा बोलू लागली. वीज पुरत नाही, असं तिचं दुखणं होतं. घाईत त्याने फोनची बारीक वायर लावली होती. जाड वायर लावताच हिरवा दिवा लुकलुकला आणि ओळी सरसर वर जाऊ लागल्या. ताई त्या ओळींकडे बघत राहिली आणि धांद्या ताईकडे.

"दिवे मालवू का?" त्याने विचारलं. अंधार होण्याआधी तिने उत्तर द्यायला हवं होतं. ताईने त्याच्या हातातून प्रकाशाचा बाण काढून घेतला. तारे दाखवायची ती टॉर्च, जिचा उजेड घुमटावर बाणासारखा उमटतो. तो मुठीत धरून ती मधल्या खुर्चीत जाऊन रेलली आणि तिने मान हलवली.

दिवे गेले. घुमट नाहीसा झाला, खुर्च्या नाहीशा झाल्या, हळूहळू तारे आले. दोघं बहीणभाऊ शेजारीशेजारी आकाशाखाली पडून होती, लहानपणी गच्चीवर पडायची तशी. बराच वेळ काही झालं नाही, आणि काही व्हावं असं धांद्याला वाटलंही नाही.

मग बाण उमटला. तो सरकत सरकत सिंह राशीपाशी गेला आणि तिथल्या एका ठळक ठिपक्याभोवती गोल गोल फिरू लागला. धांद्याने निरखून पाहिलं. गुरू. पण गुरू आता तिथे कुठे आहे? वर्षावर्षाला एकेक रास ओलांडत तो केव्हाच धनूपर्यंत पोचलाय. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या पाटीला स्वतःचं घड्याळ नसतं. ती जागी होते आणि नेटवर वेळ विचारते. तिकिटाच्या खोलीला कुलूप होतं, तिथलं नेट बंद होतं. विचारायला कुणी नाही म्हटल्यावर तिने कार्डावरच्या जुन्या लिनक्सची तारीखच आजची मानली होती. वर दिसत होतं ते त्या वसंतातलं आकाश, ज्या वसंतात ताई कपाटात डोकं घालून बसली होती.

"तारीख चुकलीय गं, ताई. थांब, नीट करतो," असं म्हणून तो उठू लागला.

त्याच्या मनगटावर हात पडला. अंधारात ओठ दिसत नव्हते, पण त्या हाताचा अर्थ लावायला दिवा नको होता. तो परत बसला आणि त्याने चाचपडत, शेजारच्या लॅपटॉपवरची कळ दाबली.

कपाटाचं दार करकरलं.

"पंखा बंद कर आधी," घुमटभर ताईचा आवाज आला. "मेले मी उकाड्याने. हं. आता दिवे मालवूया. डोळ्यांना थोडा वेळ... थोडा वेळ द्या की द्यावा? थांब, पुन्हा म्हणते."

मध्येच फुसफुस झाली. मग आवाज परत आला, आता बसस्थानकावरचा, ठेवणीतला. "तो ठळक तारा दिसतोय, तो तारा नाही. तो गुरू. यंदा तो सिंहेत मुक्कामाला आलाय." आणि वर, गुरू खरोखरच सिंहेत होता. बाण त्याच्यावर जाऊन थांबला, हलेना.

"यंदा तो शिंहेत..." आवाज हसू लागला. "जीभ बघ कशी वळते. धांद्या, हसू नकोस. तू हसलास की मला हसू येतं." त्यामागे धांद्याचं हसणं ऐकू आलं, कपाटाबाहेरचं, मोकळं. मग दोघंही हसत सुटली, आणि खरी दोघं खाली अंधारात ते ऐकत होती. घुमटावरचा बाण थरथरत होता. ताई हसते आहे की रडते आहे, हे विचारायची सोय नव्हती.

हसणं ओसरलं. कपड्यांची सळसळ झाली. मग अगदी जवळून, दमलेल्या, घरातल्या आवाजात ताई म्हणाली, "हे मधलं सगळं पुसून टाक बरं का. चांगलं तेवढंच ठेव. नाहीतर धांदरटासारखा चांगलं पुसशील आणि हेच ठेवशील."

बाण एकदम गरकन फिरला. गुरूवरून सुटून तो आकाशभर भेलकांडत गेला, आणि शेजारच्या खुर्चीची रेलणी करकर वाजू लागली. आवाजाशिवाय पोटभर हसणाऱ्या माणसाची खुर्ची जशी वाजते तशी. धांद्याला ती करकर पक्की ओळखीची होती. आता तोही हसला, डोळे पुसत हसला.

वरून ताईने विचारलं, "गेलास का रे कुठे? चालू आहे ना अजून?"

धांद्याने अंधारात तिचा हात धरला.

"चालू आहे, ताई," तो मोठ्याने म्हणाला. "बोल तू."